जॉर्डन लेकवर क्रॅपी: जागा कशी शोधावी आणि गळ किती खोल सोडावा

मार्च उजाडला की नॉर्थ कॅरोलायनातील रॅले, केरी आणि ॲपेक्स परिसरातील आपली मंडळी क्रॅपी या गोड्या पाण्यातील माशासाठी जॉर्डन लेकच्या काठावर गळ घेऊन उभी राहू लागते, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: जिगचा, म्हणजे शिशाचे डोके असलेल्या नकली आमिषाच्या गळाचा, रंग कोणता घ्यावा? हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो सर्वांत शेवटी विचारायचा आहे. दोन तासांत सहा रंग बदलून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाचा गळ बहुधा सुरुवातीपासून शेवटपर्यंत माशाच्या खाली लोंबकळत असतो. क्रॅपीचे डोळे डोक्यावर उंच बसलेले असतात आणि तो खाणे वर पाहून टिपतो. चार फूट वर आलेल्या आमिषाकडे तो उठून जाईल, पण एक फूट खाली गेलेल्या आमिषाकडे सहसा वळणार नाही. म्हणून या लेखातील क्रम आधी हंगाम, मग जागा, मग खोली आणि शेवटी आमिष असा ठेवला आहे. तो उलटा करू नये.

(आमिषाच्या दुकानात गेल्यावर या माशाचे नाव ‘क्रॉपी’ असे ऐकू येईल. मासा तोच.)

पूर्वतयारी: घर सोडण्यापूर्वी

नॉर्थ कॅरोलायनात 16 वर्षे व त्यापुढील प्रत्येक व्यक्तीला गोड्या पाण्यातील मासेमारीचा परवाना लागतो. एकाच्या परवान्यावर सारे कुटुंब गळ टाकू शकत नाही. क्रॅपीसाठी किमान लांबी आणि दिवसाची संख्या अशा दोन्ही मर्यादा असतात. त्यांचे चालू आकडे राज्याच्या वन्यजीव आयोगाच्या त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतून घ्यावेत, शेजाऱ्याच्या आठवणीतून घेऊ नयेत. लांबी मोजताना तोंड मिटलेले असावे, शेपटीची दोन्ही टोके एकत्र दाबलेली असावीत आणि मासा पट्टीवर सरळ ठेवलेला असावा. पोटाच्या गोलाईवरून टेप फिरवून मोजलेली लांबी ग्राह्य नसते.

निघण्याच्या आदल्या रात्री जलाशयाची पातळी पाहावी. हे धरण आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या ताब्यात आहे आणि ते पातळी रोज जाहीर करतात. नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून 216 फूट असते. हा आकडा पाठ असलेला बरा, कारण पुढचे सगळे नकाशे त्याच पातळीवर बेतलेले आहेत. पातळी 219 असेल, तर नकाशावर 6 फूट दिसणाऱ्या जागी 9 फूट पाणी आहे.

*इशारा:* मार्चमधले ऊन फसवे असते. हवा उबदार असली तरी पाणी गार असते आणि त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम देईनासे होतात. बोटीत प्रत्येकासाठी अंगावर चढवता येईल असे लाइफ जॅकेट हवे, आणि बोट चालू असताना 13 वर्षांखालील मुलांनी ते घातलेलेच असले पाहिजे.

टप्पा 1: तापमानावरून मासा कोणत्या मजल्यावर आहे ते ठरवणे

पाण्याचे तापमान 50 अंश फॅरेनहाइटच्या (10 अंश सेल्सिअस) खाली असते तेव्हा क्रॅपीचे थवे बुडालेल्या ओढ्यानाल्यांच्या जुन्या पात्रात, साधारण 12 ते 20 फुटांवर गोळा होऊन राहतात. 50 ते 60 या टप्प्यात ते ओढ्याच्या तोंडाशी येऊन थबकतात. तेव्हा तळ 10 ते 15 फुटांवर असला तरी मासा त्याच्या बराच वर, 6 ते 10 फुटांवर तरंगत असतो. तापमान 60 ते 68 झाले की अंडी घालण्यासाठी तो काठाजवळच्या लाकूडफाट्यात, 2 ते 6 फुटांपर्यंत येतो. इथे हा काळ साधारणपणे मार्चअखेर ते एप्रिल असा येतो. जुने गळकरी थर्मामीटर काढत नाहीत, डॉगवुडच्या झाडाला पांढरा बहर आला की काठाकडे वळतात, आणि ते फारसे चुकत नाहीत. उन्हाळ्यात मासा पुन्हा 8 ते 15 फुटांवरच्या फांद्यांच्या ढिगांत आणि पुलाच्या खांबांशी जातो. ऑक्टोबरपासून शॅड नावाचे छोटे मासे ओढ्यांत शिरू लागतात आणि त्यांच्या मागोमाग तोही शिरतो.

हे आकडे गढूळसर पाण्याचे आहेत. जॉर्डनचे पाणी बहुतेक वर्षभर चहासारखे असते, त्यामुळे इथला मासा स्वच्छ पाण्याच्या तलावातील माशापेक्षा उथळ जागी राहतो. डोंगराकडच्या नितळ तलावांसाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लावल्यास गळ खोल जातो, आणि खोल गेलेला गळ वाया जातो.

*तपासणी:* तापमान सकाळी पाहावे. दुपारी चार वाजता वरचे एक फूट पाणी 64 अंश दाखवते आणि खालचे 57 वरच असते. त्या आकड्यावर विश्वास ठेवून काठाला जाणे ही एप्रिलमधली सर्वांत सामान्य चूक आहे.

टप्पा 2: नकाशावर एक फाटा आणि त्यात तीन जागा

जॉर्डनचे क्षेत्रफळ सुमारे 13,940 एकर आहे. एका दिवसात तो सगळा धुंडाळायला निघालेला माणूस बोटीचे इंधन तेवढे जाळतो. म्हणून घरी बसूनच जलाशयाचा एक फाटा, म्हणजे बाजूला गेलेली एक शाखा, निवडावा. न्यू होप क्रीकचा रुंद, उथळ भाग, पूर्वेकडचे व्हाइट ओक क्रीक आणि बीव्हर क्रीक यांचे फाटे, किंवा दक्षिणेकडे धरणाजवळ येऊन मिळणारी हॉ नदीची बाजू, यांपैकी काहीही चालेल. मोठा पाऊस झाल्यावर मात्र हॉची बाजू टाळावी, कारण जलाशयात येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा त्याच नदीचा असल्याने ती आधी गढूळ होते आणि निवळायला वेळ घेते.

निवडलेल्या फाट्यात खोलीच्या रेषा असलेला नकाशा घेऊन पुढील गोष्टी या क्रमाने शोधाव्यात.

पहिली, जुन्या पात्राचे बाहेरचे वळण. ओढ्याचे बुडालेले पात्र वळता वळता ज्या ठिकाणी काठाजवळ येते, तिथे नकाशावरील रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. मासा खोल पाण्यातून उथळाकडे आणि परत जाताना याच कडेने ये-जा करतो. सपाट, एकसारख्या खोलीच्या विस्तीर्ण भागात तो भेटतो, पण तिथे त्याला शोधणे म्हणजे माळरानावर हरवलेली किल्ली शोधणे.

दुसरी, त्या कडेवर किंवा तिच्या जवळ असलेले लाकूड. बुडीत क्षेत्रातील खुंट, पडलेली झाडे आणि वन्यजीव आयोगाने मुद्दाम सोडलेले फांद्यांचे ढीग ही क्रॅपीची घरे आहेत. आयोगाच्या ढिगांची ठिकाणे नकाशावर प्रसिद्ध केलेली आहेत आणि अनेक ठिकाणी खुणेचे बोयेही आहेत. ती सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणून शनिवारी तिथे गर्दी असते. तरीही पहिल्या वर्षी तिथूनच सुरुवात करावी, कारण तिथे मासा नाही असे दिसले तर दोष जागेचा नसून खोलीचा आहे एवढे तरी कळते.

तिसरी, पूल. फॅरिंग्टन रोडचा आणि यूएस 64 चा पूल हे वर्षातील बहुतेक महिन्यांत भरवशाचे आहेत. खांब तळापासून पृष्ठभागापर्यंत उभा असल्यामुळे मासा जागा न सोडता हव्या त्या खोलीवर वरखाली होऊ शकतो. रस्त्याच्या भरावाला जिथे दगडी पिचिंग आहे, तिथला वाऱ्याच्या तोंडावरचा कोपरा काठावरून गळ टाकणाऱ्यांसाठी उत्तम. वाहन मात्र परवानगी असलेल्या जागीच उभे करावे आणि उद्यानाच्या फाटकाची बंद होण्याची वेळ येतानाच वाचून ठेवावी.

इतर राज्यांतील चित्रफिती पाहून लोक इथे खासगी धक्क्यांखाली जिग फेकण्याची तयारी करून येतात. जॉर्डनच्या काठाची जमीन सरकारी असल्यामुळे इथे घरोघरचे धक्केच नाहीत. ते तंत्र अन्यत्र कामाचे आहे, इथे त्यात वेळ घालवू नये.

पातळी 216 च्या वर चढत असताना वसंतात काठाची झुडपे पाण्याखाली जातात आणि क्रॅपी त्यांत अगदी आत, कधी दोन फूट पाण्यात, शिरतो. पातळी उतरू लागली की तो त्या झुडपांतून लगेच बाहेर पडतो. काल ज्या झुडपात दहा मासे मिळाले, तिथे आज पाणी सहा इंच उतरले असेल, तर आधी झुडपाच्या बाहेरच्या पहिल्या उतारावर गळ टाकावा.

टप्पा 3: साहित्य जुळवणे

साहित्य हलके असावे, एवढे एकच तत्त्व आहे. 6 पौंडी (तेवढा ताण सोसणारा) दोरा, 1/16 किंवा 1/32 औंसाची जिग, आणि मिनो, म्हणजे बोटभर लांबीचे जिवंत मासे, वापरायचे असल्यास बारीक तारेचा 4 क्रमांकाचा सोनेरी गळ. ही बारीक तार मुद्दाम घ्यायची असते. फांदीत अडकल्यावर ती ताणाने सरळ होते आणि गळ सुटून येतो. मग पकडीने पुन्हा वाकवून तोच वापरता येतो. जाड गळ घेतलेला माणूस दर अर्ध्या तासाला दोरा तोडत बसतो.

फ्लोट, म्हणजे दोऱ्यावरची पाण्यावर तरंगणारी खूण, सरकता घ्यावा. क्रम असा: दोऱ्यावर आधी थांब्याची गाठ, मग मणी, मग फ्लोट, मग गळाच्या 8 ते 10 इंच वर चिमटून बसवायची शिशाची बारीक गोळी, आणि शेवटी गळ. मणी विसरला, तर गाठ फ्लोटच्या भोकातून निसटते आणि खोली आपोआप बदलते. हे लक्षात यायला कधी कधी पूर्ण सकाळ जाते.

मिनोच्या बादलीत नळाचे पाणी घालू नये, त्यातील क्लोरीनने मासे मरतात. उष्ण दिवसात पाणी गार राहील असे पाहावे आणि बादलीत दाटी करू नये. फ्लोटखाली लावताना मिनो पाठीच्या पराच्या खालून, कण्याला धक्का न लावता ओवावा. बोटीमागे ओढायचा असल्यास दोन्ही ओठांतून ओवावा. मेलेला मिनो लगेच बदलावा.

टप्पा 4: खोली शोधणे

बहुतेकांची वाट इथे चुकते, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

प्रथम तळ मोजावा. सोनार (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणारे यंत्र) नसल्यास गळाला जड शिसे अडकवून ते तळाला टेकवावे. शिसे तळाला बसून दोरा सैल पडला की तळ मिळाला. मग थांब्याची गाठ अशी सरकवावी की गळ तळापासून दोन फूट वर राहील. ही झाली पहिली खोली. तिथे दहा मिनिटांत काही हालचाल नाही, तर गाठ दोन फूट वर घ्यावी. पुन्हा दहा मिनिटे, पुन्हा दोन फूट वर, असे पृष्ठभागापासून चार फुटांपर्यंत यावे. जागा बदलू नये, रंग बदलू नये, फक्त खोली बदलावी. तीन जण असतील तर आणखी चांगले, तिघांनी तीन खोल्या वाटून घ्याव्यात आणि पहिला मासा ज्याला लागेल त्याच्याप्रमाणे इतरांनी आपले फ्लोट लावावेत.

काठीच्या टोकावरून जिग सरळ खाली सोडणाऱ्यांनी दोरा मोजून सोडावा. रिळापासून पहिल्या कडीपर्यंतचा दोरा हाताने ओढला की तो साधारण दोन फूट भरतो, पण प्रत्येक काठीचे हे अंतर वेगळे असल्याने घरी टेप लावून आपल्या काठीचा आकडा काढून ठेवावा. कोकणात खोली वावेने मोजतात, त्यातलाच हा छोटा प्रकार. पाच ओढी म्हणजे दहा फूट, आणि मासा लागला तर पुन्हा मोजून पाचच. अंदाजाने ‘तेवढाच’ सोडलेला दोरा तेवढा कधीच नसतो.

मी स्वतः एका फेब्रुवारीत पुलाच्या खांबाशी सकाळभर 14 फुटांवर जिग हलवत बसलो होतो, कारण सोनारवर तळाजवळ दाट रेघा दिसत होत्या. शेजारच्या बोटीतील वृद्ध गृहस्थ लांब काठीने, अगदी निवांतपणे, एकामागून एक क्रॅपी काढत होते. त्यांची जिग 8 फुटांवर होती. माझ्या खालच्या रेघा शॅडच्या होत्या.

*तपासणी:* उन्हाळ्यात तळाजवळच्या पाण्यात प्राणवायू फार कमी उरतो, त्यामुळे तिथे मासा राहत नाही. जून ते सप्टेंबर तळापासून सुरुवात न करता मधल्या पाण्यापासून करावी.

टप्पा 5: आमिष दाखवणे

खोली सापडल्यावर जिगला नाचवू नये. सर्वांत जास्त मासे स्थिर धरलेल्या जिगला लागतात. हाताचा नैसर्गिक कंप तिला पुरतो. जिग पाण्यात आडवी, पोहणाऱ्या माशासारखी लोंबली पाहिजे. गाठ घट्ट बांधली असेल, तर प्रत्येक माशानंतर ती कडीवर घसरते आणि जिग नाक वर करून उभी लटकते. अशा वेळी नखाने गाठ पुन्हा कडीच्या मध्यावर सरकवावी. मासा सोडवल्यावर पाण्यात जिग टाकण्यापूर्वी ती एकदा डोळ्यांसमोर धरून पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण चावे अचानक थांबण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि ते पाण्याखाली दिसत नाही.

थवा विखुरलेला असेल, जसा तो मार्चच्या सुरुवातीला ओढ्याच्या तोंडाशी असतो, तर ट्रोलिंग मोटरवर (बोट हळू चालवणारी छोटी विजेची मोटर) ताशी अर्ध्या मैलापेक्षाही कमी वेगाने, पुढे पसरलेल्या काठ्यांनी चालावे. वेग वाढला की जिग मागे उचलली जाते आणि मोजलेली खोली खोटी ठरते.

रंगाविषयी एवढेच: गढूळ पाण्यात काळा-हिरवट किंवा भडक पिवळा, जरा निवळलेल्या पाण्यात पांढरा किंवा राखाडी. दोन पुड्या पुष्कळ झाल्या.

टप्पा 6: चावा ओळखणे आणि मासा वर आणणे

फ्लोट बुडाला की चावा, हे सगळ्यांना कळते. निसटतो तो दुसरा चावा. क्रॅपी खालून येऊन आमिष तोंडात घेऊन वरच जातो. तेव्हा शिशाचा भार नाहीसा होतो आणि उभा फ्लोट पाण्यावर आडवा पडतो. काठीवरून सरळ सोडलेल्या दोऱ्याच्या बाबतीत ताणलेला दोरा एकाएकी सैल पडतो, जणू जिग तुटून गेली. त्याच क्षणी काठी उचलावी. आडवा पडलेला फ्लोट पाहून ‘गळ तळाला टेकला’ असे समजून गाठ सरकवत बसणारे लोक दर वर्षी दिसतात. तळ आधी मोजला असेल, तर ही शंका येत नाही.

*इशारा:* हिसका देऊ नये. या माशाच्या तोंडाची कड कागदासारखी पातळ असते आणि जोराने ओढल्यास गळ ती फाडून बाहेर येतो. मनगटाने काठी फक्त वर न्यावी, ताण एकसारखा ठेवून रीळ फिरवावे आणि शेवटी जाळी पाण्यात धरून मासा तिच्यावर आणावा. दोऱ्याने उचलून बोटीत घेताना सर्वांत मोठे मासे सुटतात.

वर आलेला मासा क्रॅपीच आहे ना, हेही पाहावे. जॉर्डनमध्ये व्हाइट पर्च नावाचा चंदेरी मासा मुबलक आहे. त्याच्या पाठीवर दोन वेगळे पर असतात, क्रॅपीचा एकच सलग पर असतो. पराच्या पुढच्या भागात 7 ते 8 कडक काटे असले तर तो ब्लॅक क्रॅपी, 5 ते 6 असले तर व्हाइट क्रॅपी. अंगावरील ठिपक्यांवरून ओळखायला जाऊ नये, कारण वसंतात व्हाइट क्रॅपीचा नरही बराच काळवंडतो.

टप्पा 7: कधी थांबावे, कधी हलावे

एका जागी सर्व खोल्या तपासून झाल्या आणि चाळीस मिनिटांत एकही चावा नाही, तर दुसऱ्या जागी जावे. मासे लागत असताना चावे बंद पडले, तर मात्र आधी दोन फूट वर, मग दोन फूट खाली पाहावे, मग ढिगाच्या दुसऱ्या बाजूला जावे आणि त्यानंतरच नांगर उचलावा. थंड हवेचा झोत येऊन गेल्यावरच्या निरभ्र, चकचकीत दिवशी मासा लाकडाला अगदी चिकटून राहतो. तेव्हा जिग फांद्यांच्या आत सोडावी लागते आणि दोन-चार गमवाव्या लागतात. त्याचा हिशेब आधीच धरावा.

टप्पा 8: मासा ठेवणे आणि साफ करणे

क्रॅपीचे मांस मऊ असते आणि उन्हात लवकर पिचते, म्हणून ठेवायचा मासा थेट बर्फात घालावा आणि वितळलेले पाणी काढत राहावे. खाण्यापूर्वी राज्याच्या आरोग्य विभागाचा मासे किती खावेत याविषयीचा सल्ला वाचावा. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत पाऱ्यामुळे तो अधिक कडक असतो. रश्श्यात हा मासा विरघळून काटे तेवढे उरतात. तो पापलेटासारखा चपटा असल्याने खवले काढून, दोन्ही बाजूंना चिरा देऊन, आगळ-हळद-तिखट लावून रव्यात तळलेला चांगला लागतो.

उरलेले मिनो पाण्यात सोडू नयेत, आणि बोट व ट्रेलर यांना चिकटलेली वनस्पती रॅम्पवरच काढून टाकावी. गाडीत बसल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, वहीत पाच रकाने भरावेत: पाण्याची पातळी, सकाळचे तापमान, जागा, तळाची खोली आणि मासा लागला ती खोली. रंगासाठी सहावा रकाना हवा असल्यास पानाच्या कडेला थोडी जागा उरतेच.